हिवाळ्यात घरधनिणीची ऊब : सरपण, चूल व शेगडी यांचा विचार

मार्गशीर्ष लागला की जाणता शेतकरी गोठ्यास आडोसा करतो, वासरांखाली कोरडे तणस पसरतो आणि दुभत्या गाईच्या अंगावर रात्री पोते टाकावयास विसरत नाही. जनावर थंडीने आखडले म्हणजे दूध आटते व कामाची खोटी होते, हा हिशेब त्यास कोणी शिकवावा लागत नाही. परंतु त्याच घरात सर्वांच्या आधी उठून, गार जमिनीवर बसून, ओलसर लाकडाशी झगडत चूल पेटविणारी जी गृहिणी, तिच्या उबेचा विचार क्वचितच होतो. तो विचार शेतीच्या इतर कामांप्रमाणेच, म्हणजे साहित्य, खर्च व धोका या तिन्ही अंगांनी करावा, असा या लेखाचा हेतू आहे.

आमच्याकडील थंडी

चंद्रपूर जिल्ह्याची ख्याती उन्हाळ्याची आहे. म्हणून येथील जुनी घरे उन्हाचा विचार करून बांधलेली असतात. उंच आढे, कवेलूंचे छप्पर, आणि वारा खेळावा म्हणून भिंत व छप्पर यांमध्ये सोडलेली फट, ही व्यवस्था वैशाखात सुखाची, पण पौषात तीच अंगावर येते. मोहर्लीस एका अंगाला इरई धरणाचे पाणी व दुसऱ्या अंगाला ताडोबाचे अरण्य आहे. अशा ठिकाणी पहाटेचा गारवा ओलसर असतो व पुष्कळ वेळा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली थंड व समशीतोष्ण प्रदेशांतील घरांसाठी निदान १८ अंश ऊब असावी असे सुचविले आहे. थंड घरात रक्तदाब वाढतो व श्वासाचे विकार बळावतात, हे त्यामागील कारण होय.

त्यातही सर्वांस थंडी सारखी बाधत नाही. बाळंतीण, म्हातारी माणसे, अंगात रक्त कमी असलेली स्त्री, यांस ती अधिक लागते. घरची स्त्री वारंवार "हातपाय गार पडतात" म्हणत असेल, तर तिला नाजूक म्हणून हसण्यावारी न नेता रक्त तपासून घ्यावे. चंद्रपूर व गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेलचा आजार पुष्कळ कुटुंबांत आहे. या रोगात थंडी आणि पाणी कमी पिणे या दोहोंमुळे हाडासांध्यांत असह्य वेदनेचा झटका येऊ शकतो. हिवाळ्यात तहान कमी लागते, म्हणून पाणीही कमी प्याले जाते. यास्तव अशा घरी ऊब हे औषधच समजावे व कोमट पाण्याचे भांडे दिवसभर हाताशी ठेवावे. या रोगाच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू केली असून सरकारी दवाखान्यांत तपासणीची सोय आहे.

आधी वारा अडवावा, मग विस्तव पेटवावा

फुटक्या माठात पाणी भरीत राहावे, तसे भगदाडे असलेल्या घरात लाकूड जाळीत राहणे होय. सर्व घर उबदार करू नये. निजण्याची एकच खोली निवडावी. कुडाच्या भिंतीच्या फटी माती व शेण यांच्या गिलाव्याने बुजवाव्यात. दाराच्या उंबऱ्याशी रात्री गुंडाळलेले पोते लावावे. छपराखालील फटीस वाऱ्याच्या बाजूने तट्ट्या बांधावा, परंतु विरुद्ध बाजूची फट मोकळीच ठेवावी. याचे कारण पुढे शेगडीच्या प्रकरणी येईल.

अंथरुणाविषयी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. बाजेवर निजणारास थंडी वरून जितकी लागते, तितकीच खालून लागते, कारण बाजेखालून गार वारा खेळत असतो. अशा वेळी अंगावर दुसरी गोधडी घालण्यापेक्षा ती अंगाखाली घातल्यास अधिक गुण येतो. जमिनीवर निजावयाचे असल्यास कोरडे तणस पोत्यांत भरून त्यावर अंथरूण करावे. धानपट्ट्यात याचा खर्च नाही. दर आठ दिवसांनी ते उन्हात टाकावे, म्हणजे ओल व किडे राहत नाहीत.

सरपण

ताज्या तोडीच्या लाकडात वजनाच्या सुमारे निम्मे पाणी असते. ते चुलीत घातले की आधी पाणी उकळून जाण्यात उष्णता खर्च होते, मग राहील ती घरास मिळते, आणि धूर मात्र दुप्पट होतो. नीट वाळलेल्या लाकडात हेच पाणी पाचवा हिस्सा किंवा त्याहून कमी राहते. लाकूड वाळले की नाही हे पाहण्यास दोन ढलप्या एकमेकींवर आपटाव्यात. खणखणीत आवाज आला व टोकांस चिरा दिसल्या तर वाळले, भद्द आवाज आला तर ओले समजावे. मनगटाएवढ्या जाडीचे तुकडे फोडून, खाली दगड किंवा ओंडके देऊन, वरून झाकून व बाजू मोकळ्या ठेवून ढीग रचावा. तो घराच्या भिंतीस लागून नसावा, नाहीतर वाळवी व विंचू घरात येतात.

धावडा, ऐन, बाभूळ ही लाकडे जड असून त्यांचा इंगळ पुष्कळ वेळ टिकतो. पळस, सालई ही हलकी, भडकून लवकर विझतात. पेटवणासाठी तुराट्या व पऱ्हाट्या उत्तम.

आता हिशेब पाहू. केवळ उबेसाठी रोज चार किलो लाकूड धरल्यास तीन महिन्यांच्या नव्वद दिवसांस ३६० किलो, म्हणजे साडेतीन क्विंटलांहून थोडे अधिक लागते. ज्याच्या बांधावर बाभूळ व सुबाभूळ आहे, त्यास छाटणीतून व तुराट्यांतून एवढे जमविणे कठीण नाही. छाटणी उन्हाळ्याच्या आरंभी करावी, म्हणजे पावसाळ्यापूर्वी ऊन मिळून लाकूड हिवाळ्यास तयार होते.

लाकूड कोणी आणावे

या भागात हा प्रश्न केवळ कष्टाचा नाही, प्राणाचा आहे. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ साली ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला व २०१० साली त्याभोवतीचे बफर क्षेत्र ठरले. वाघ वाढले, ही अरण्याच्या दृष्टीने चांगली गोष्ट होय. परंतु वाकून मोळी बांधणारी किंवा पाने वेचणारी स्त्री झुडपातील वाघास माणूस म्हणून ओळखू येईलच असे नाही. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडण्यास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. घरच्या स्त्रीस ऊब मिळावी म्हणून तिलाच धुक्यात मोळीसाठी रानात धाडणे, यासारखा उलटा व्यवहार नाही.

ज्यांस जमीन आहे त्यांनी तरी सरपण बांधावरूनच घ्यावे. निस्तारातून वनाचे लाकूड मिळत असेल तेथे ते पुरुषांनी, चार जणांच्या सोबतीने, उन्हे वर आल्यावर व वनरक्षकास कळवून आणावे. शिवाय राज्य सरकारच्या २०१५ च्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून बफरमधील गावांस, आणि २०१६ च्या उज्ज्वला योजनेतून गरीब कुटुंबांतील स्त्रियांस, गॅसच्या जोडण्या मिळाल्या आहेत. ज्यांच्याकडे जोडणी आहे त्यांनी सिलिंडर कोपऱ्यात झाकून न ठेवता निदान पहाटेचा चहा व पहिला स्वयंपाक त्यावर होऊ द्यावा. लाकूड फक्त उबेसाठी व आंघोळीच्या बंबासाठी राखावे.

चुलीचा धूर

घरातील धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. चुलीपाशी बसणाऱ्या स्त्रीस जुनाट खोकला, दमा लागणे व मोतीबिंदू होणे यांचा धोका अधिक असतो. तेव्हा धूर हा उबेचा सोबती मानून चालू नये. वर्ध्यास मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना १९३४ साली झाली, आणि तेथून निघालेली "मगन चूल" १९४७ च्या सुमारास पुढे आली. म्हणजे निर्धूर चुलीची विद्या आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातील आहे. पुढे १९८० नंतरच्या दशकात सरकारने देशभर सुधारलेल्या चुली वाटल्या. त्यांपैकी पुष्कळ पडून राहिल्या, कारण धुराडे तुंबले व दुरुस्त करणारा कोणी नव्हता.

यावरून घ्यावयाचा बोध असा की, चूल बसविण्यापेक्षा ती राखणे महत्त्वाचे. धुराडे आढ्याच्या वर हातभर निघालेले असावे, छपरातून जाते तेथे वासे व तट्ट्या त्यापासून दूर ठेवून भोवती मातीचा जाड लेप असावा, आणि हिवाळाभर दर पंधरा दिवसांनी काजळी झाडावी. हे झाडण्याचे काम पुरुषाने आपले समजावे.

शेगडीचे भय

शेगडीतील लाल इंगळ धूर करीत नाही, म्हणून लोक त्यास निर्भय समजतात. वस्तुतः अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्यास रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातील जो घटक प्राणवायू वाहून नेतो, त्यास हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक बळाने चिकटतो, आणि निजलेला मनुष्य जागा न होताच दगावतो. म्हणून शेगडीचे तीन नियम घरातील प्रत्येकास पाठ असावेत.

पहिला, इंगळ बाहेर अंगणात पूर्ण लाल करून मगच शेगडी आत आणावी. दुसरा, शेगडी आत असेतो खिडकी वीतभर उघडी व छपराखालील एक फट मोकळी असावी. तिसरा, निजण्यापूर्वी शेगडी बाहेर न्यावी. "आता विझतच आली आहे" म्हणून ठेवू नये, कारण विझत्या कोळशातूनही हा वायू निघतच असतो. खोलीत बसलेल्या दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, मळमळले किंवा चक्कर आली, तर सर्दी समजून पांघरूण घेऊ नये. सर्वांस तत्काळ उघड्यावर काढावे व १०८ क्रमांकास गाडीसाठी कळवावे.

विस्तव अंगाशी धरून बसणेही हितावह नाही. काश्मिरात कांगडी नावाची विस्तवाची टोपली फिरनाच्या आत धरतात. वर्षानुवर्षांच्या त्या शेकाने पोट व मांड्यांवर कातडीचा कर्करोग होतो, हे वैद्यांस एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे.

मग रात्रीसाठी उपाय काय? एक भाजकी वीट संध्याकाळी चुलीशेजारी तापत ठेवावी, दोन पदरी जाड कापडात गुंडाळून निजण्यापूर्वी पायथ्याशी सारावी. रबरी पिशवीत गरम पाणी भरूनही हेच काम होते. मधुमेहाने ज्यांच्या पायांची जाणीव मंदावली आहे, त्यांचे अंथरूण विटेने आधी ऊन करावे व निजताना वीट काढून घ्यावी, नाहीतर भाजले तरी कळत नाही.

वागणुकीची बाब

वरील सर्व साहित्य जमले तरी एक गोष्ट पैशाने येत नाही. घरात पहाटे विस्तव पेटविणारे माणूस सर्वांत अधिक गारठते, व इतर सर्व जण पेटलेल्या विस्तवापाशी येऊन बसतात. आमचे मत असे की, हिवाळ्याचे तीन महिने विस्तव पुरुषाने पेटवावा, बंब पुरुषाने भरावा, आणि घरधनिणीने ऊन पाण्यानेच हात घालून कामास लागावे. भांडी व धुणे उन्हे आल्यावर करण्यास कोणाची हरकत नसावी. रात्री ती सर्वांच्या मागून जेवते, तेव्हा तिचे ताट वाढले जाईपर्यंत चूल विझवू नये. तिला काय टोचते, पाय की पाठ, वारा की ओल, हे तिलाच विचारावे; पुष्कळ घरी हा प्रश्न कधी विचारलेलाच नसतो.

सारांश, फाल्गुन-चैत्रात बांधाची छाटणी, पावसाळ्यापूर्वी सरपणाची रचणी, आश्विनात धुराड्याची सफाई, कार्तिकात भिंतींचा गिलावा, व मार्गशीर्षापासून शेगडीचे तीन नियम, असा क्रम ठेवावा. ज्या वाचकांनी बांधावरील सरपणाने सबंध हिवाळा काढला असेल, त्यांनी झाडाची जात, लावणीचे अंतर व मिळालेले वजन या मासिकाकडे अवश्य लिहून कळवावे, म्हणजे पुढील लावणीच्या आधी ती माहिती इतरांच्या उपयोगी पडेल.