जहाजापेक्षा बंदरं बघ

चि. मनू,


ग्रीक बेटांच्या क्रूझचं तुझं ठरत आलंय, असं ताईकडून कळलं. जा, नक्की जा. पण पैसे भरण्याआधी जहाजाचे फोटो बाजूला ठेव आणि बंदरांची यादी समोर घे. जहाजावर लिफ्ट असतात, रुंद दारांच्या केबिनही असतात (मोजक्याच, म्हणून लवकर नोंदव). आपल्या व्हीलचेअरवाल्यांची खरी अडचण होते ती जहाजातून जमिनीवर उतरताना.

अथेन्सजवळच्या पिरेअसला आणि ऱ्होड्सला जहाज थेट धक्क्याला लागतं. सँटोरिनीला ते पाण्यातच उभं राहतं आणि लहान होड्या माणसांना किनाऱ्यावर नेतात. लाटांवर होडी वरखाली होते; बॅटरीची खुर्ची तिच्यात बहुधा घेत नाहीत. गाव तर कड्यावर, सुमारे 600 पायऱ्या किंवा केबल कार. एजंट म्हणेल, 'आमची माणसं उचलून नेतील.' एवढ्यावर गप्प बसू नकोस. कोण उचलणार, खुर्चीसकट की खुर्चीतून काढून, समुद्र खवळला तर काय, सगळं विचार. आणि कुणी उचलायचं की नाही, हे फक्त तू ठरवायचं. नको वाटलं तर डेकवरच थांब. ज्वालामुखीनं कोरलेला तो कडा पाण्यातूनच डोळे भरून दिसतो.

'व्हीलचेअरसाठी सोयीची केबिन' म्हणजे काय, ते आकड्यांत माग. आधी स्वतःची खुर्ची मोज, हाताने फिरवायच्या कड्यांसकट, तू बसलेली असताना. मग दाराची मोकळी रुंदी, बाथरूमचा उंबरठा, शॉवरखाली घडीची बैठक आहे का, ते विचार. कमोडच्या डावीकडे जागा आहे का हेही विचार. तू डावीकडूनच सरकतेस ना! आग लागली की लिफ्ट बंद होतात, तेव्हा तुला खाली कसं नेणार, हे पहिल्याच दिवशी जहाजावरच्या माणसांकडून समजून घे.

हे सगळं लेखी हवं. युरोपीय संघातल्या बंदरातून निघणाऱ्या क्रूझला संघाचा 2010 चा 1177 क्रमांकाचा नियम लागू होतो. मदत हवी असल्याचं किमान 48 तास आधी कळवायचं, केबिनची गरज तर नोंदणी करतानाच. क्रूझ कंपनीच्या चुकीनं खुर्ची मोडली तर भरपाई कंपनीनंच द्यायची. विमानात मात्र गादी काढून स्वतःजवळ ठेव, खुर्चीचे फोटो काढ.

अथेन्सला एक दिवस आधी पोच. अॅक्रोपोलिसवर 2020 पासून नवी लिफ्ट आहे, ते चुकवू नकोस. ऱ्होड्सच्या जुन्या गावात गोट्यांची फरसबंदी आहे. पुढची छोटी चाकं अडकतात, तिथं सोबतीला खुर्ची मागे कलवून ओढायला सांग.

कंपनीचं उत्तर आलं की मला पाठव, आपण दोघी मिळून वाचू. ताई घाबरलीय, तिच्याशी मी बोलते.

तुझी,
मावशी