बिटाच्या रसाने मार्क वाढत नाहीत

परीक्षा जवळ आल्या की दवाखान्यात एक मागणी हमखास येते : "डॉक्टर, स्मरणशक्तीचं एखादं टॉनिक लिहून द्या." मुलगी पुस्तक उघडलं की जांभया देते, वाचलेलं लक्षात राहत नाही, शाळेतून आली की आडवी होते. घरच्यांनी निदान आधीच केलेलं असतं : आळस, नाहीतर मोबाइल. मोबाइल असेलही. पण मी आधी तिची खालची पापणी ओढून बघतो.

मध्यंतरी दहावीतल्या एका मुलीची पापणी आतून पांढरीफटक निघाली. हिमोग्लोबिन 7.6. आई चक्रावली, "अहो, रोज बिटाचा रस देते की हिला!" रस होता, त्यावर लगेच चहाही होता. शाळेत मिळालेल्या लोहाच्या निळ्या गोळ्या मात्र 'उष्ण पडतात, संडासला काळं होतं' म्हणून केरात. मुलगी डब्यातले कच्चे तांदूळ चोरून खाते, हे धाकट्या भावाने फोडलं. त्यावरून ती रोज बोलणी खात होती. तांदूळ, खडू, माती खावीशी वाटणं हे लोह कमी पडल्याचं लक्षण आहे, वाईट सवय नव्हे.

बीट लाल म्हणून रक्त वाढतं, हा समज काही केल्या जात नाही. 100 ग्रॅम बिटात लोह जेमतेम एक मिलिग्रॅम. या वयात रोजची गरज 30च्या आसपास. डाळिंबात तर त्याहून कमी. बिटाची कोशिंबीर खुशाल खा, पण व्हिडिओ बघून उपचार करू नका.

सीबीसी ही रक्ततपासणी करा. मोठ्या मुलींत आणि बायकांत हिमोग्लोबिन 12च्या खाली म्हणजे रक्त कमी. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नका. बी-12ची कमतरता, थॅलेसेमिया, नंदुरबार-गडचिरोलीकडे सिकलसेल, अशी कारणं वेगळी आणि उपचारही वेगळे. लोहाची गोळी दिली असेल तर चहा-दुधासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या. संडासला काळं होणारच, घाबरू नका. थोड्या दिवसांत तरतरी येते आणि तिथेच लोक गोळ्या सोडतात. सोडू नका! हिमोग्लोबिन भरल्यावरही साधारण तीन महिने घ्याव्या लागतात. जोडीला आळीव, पालेभाज्या, चालत असेल तर मटण, आणि वर लिंबू.

जिना चढताना धाप लागते, छातीत धडधडतं, पाळी सात दिवसांहून जास्त चालते, तर थांबू नका. पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं रक्त कमी झालं, तर ते कुठून जातंय हे शोधायलाच हवं. गोळ्या चालू नसताना संडासला डांबरासारखं काळं होत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांचं रक्त कमी आढळलं. ऑफिसात दुपारनंतर डोकं चालेनासं होतं, ते नेहमी वयामुळेच असं नाही. मुलीला तपासायला आणाल, तेव्हा आईनेही बाही वर करावी.