वेडर्स नकोत

मेकॅनिक्सबर्ग, पेनसिल्व्हेनिया

चि. केतकीस,


तुझी फ्लाय फिशिंगच्या खरेदीची यादी वाचली आणि निम्मी खोडून परत पाठवतो आहे. साडेआठ फुटी, चार नंबरची रॉड ठीक आहे. रील स्वस्तातली चालेल, इथल्या ओढ्यांवर तिचं काम लाइन गुंडाळून ठेवण्यापुरतंच. फ्लायचे, म्हणजे गळाला बांधलेल्या किड्यांच्या नकलांचे, तीन डबे कशाला? एक पुरे, तोही अर्धा रिकामा. आणि छातीपर्यंत येणारे ते वेडर्स मुळीच नकोत. जुनी मळखाऊ रंगाची पँट, गुडघ्यांना बांधायला बागकामाचे पॅड आणि गमबूट एवढ्यावर भागतं. दुकानदार हसला तर हसू दे.

वेडर्स अंगावर चढले की माणूस पाण्यात उतरतोच. डोंगरातल्या खळाळत्या ओढ्यात उतरलं तर बिघडत नाही, तिथे पाणीच इतकं गडबड करत असतं की तुझी गडबड त्यात खपून जाते. चुनखडीच्या झऱ्यांचा ओढा वेगळा. तो संथ, आरशासारखा, तळ गाळाचा आणि पाणवनस्पतींनी भरलेला. त्यात एक पाऊल टाकलंस की गढूळ पाण्याचा लोट खालच्या वळणापर्यंत जातो आणि वाटेतल्या प्रत्येक माशाला कळतं की कोणीतरी आलंय. थंडीत तर पाऊल टाकूच नये. ब्राउन ट्राउट ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुमारास बारीक खड्यांत अंडी घालतात. तळाचा एखादा तुकडा आजूबाजूपेक्षा उजळ, झाडून काढल्यासारखा दिसला तर समज की खाली अंडी आहेत, आणि तिथून लांब राहा.

हे ओढे असे का, तेही ऐकून ठेव. कार्लाईलच्या आसपासच्या कंबरलँड खोऱ्याखाली चुनखडीचा खडक आहे, पंचेचाळीस-पन्नास कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रात साचलेला. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्ल होतं आणि खडक विरघळवत, भेगा रुंदावत खाली उतरतं. मग कुठेतरी शेताच्या कडेला तेच पाणी झरा होऊन वर येतं. उगमापाशी ते बारा महिने साधारण दहा-बारा अंश सेल्सिअस असतं. जानेवारीत भोवती बर्फ असताना त्यातून वाफा निघतात आणि ऑगस्टच्या उकाड्यात हात घातला तर बोटं गारठतात. आपल्या कोकणात जांभा आणि घाटावर काळा पाषाण, त्यामुळे असला ओढा लहानपणी पाहायला मिळालाच नाही. भारतात पाहायचा तर काश्मीरमध्ये कोकरनागला जावं लागेल. तिथले झरेही चुनखडीतूनच येतात, आणि तिथेही ट्राउट आहेत.

विरघळलेल्या चुनखडीमुळे पाणवनस्पती माजतात आणि त्यांत किड्यांची चंगळ असते. कधी पाण्यातली चिमूटभर हिरवळ उपटून पांढऱ्या बशीत झटक. करड्या रंगाचे, चपटे, जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचे, सात जोड्या पायांचे प्राणी बशीभर चालू लागतील. ते क्रेसबग. त्यांच्या जोडीला वाकड्या पाठीचे इवलेसे झिंगे. बशी पाहून झाली की सगळं पुन्हा पाण्यात सोड. इथल्या माशाचं ताट असं कायम वाढलेलं असतं, म्हणून तुझ्या फ्लायवर झडप घालायची त्याला काही निकड नसते. वनस्पतींच्या दोन गाद्यांमधल्या पट्टीत तो स्वस्थ उभा असतो, शेपटी तेवढी हलते. काही वाहत आलं की वीतभर सरकतो, तोंडाच्या आतला पांढरा रंग क्षणभर दिसतो, की परत जागेवर. तो पांढरा ठिपका टिपायला शिक. चष्मा पोलराइज्ड घे. यादीत तो शेवटी लिहिला आहेस, त्याला पहिल्या क्रमांकावर आण.

मी जिथे जातो तो लेटॉर्ट स्प्रिंग रन कार्लाईल गावातून वाहतो. उगमापासून कॉनोडोग्विनेट क्रीकला मिळेपर्यंत त्याची लांबी चौदा-पंधरा किलोमीटर. काही ठिकाणी तो इतका अरुंद आहे की आजी म्हणेल, याला ओढा कोण म्हणतं, हा तर माडाच्या बागेतला पाट. पण फ्लाय फिशिंगचं अमेरिकेतलं फार मोठं शिक्षण याच काठावर झालं. चार्ली फॉक्स आणि व्हिन्सेंट मरिनारो हे दोघे इथे तासन् तास पाणी न्याहाळत बसत. उन्हाळ्यात मोठे ट्राउट पृष्ठभागावरून काहीतरी टिपतात आणि वरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही, हे कोडं त्यांना सोडवायचं होतं. उत्तर निघालं ते काठच्या गवतातून पडणाऱ्या मुंग्या, भुंगेरे आणि तुडतुडे, काही तर तांदळाच्या दाण्याहून लहान. मरिनारोचं ‘अ मॉडर्न ड्राय-फ्लाय कोड’ १९५० साली आलं, आणि तेव्हापासून जमिनीवरच्या किड्यांच्या नकला हे फ्लायच्या डब्यातलं एक मान्य घराणं झालं.

त्यातली तुडतुड्याची नक्कल म्हणजे जॅसिड. तिच्या पाठीवर जे चकचकीत, लाखेचा थेंब पडल्यासारखं पीस आडवं बसवत, ते राखी रानकोंबड्याच्या मानेवरचं. हाच रानकोंबडा आंबोलीच्या जंगलात भल्या पहाटे आरवतो. आपल्याकडे त्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. तेव्हा अशी फ्लाय विकत घेताना पीस पाळीव पैदाशीतलं आहे का हे विचार, आणि धड उत्तर मिळालं नाही तर घेऊ नकोस. काळ्या फोमचा साधा भुंगेराही जुलै-ऑगस्टमध्ये तितकंच काम करतो. भारतातून येताना कोणी ‘एक पीस आण’ म्हणालं तर सरळ नाही म्हणून सांग.

आता फेकण्याबद्दल. तू व्हिडिओ पाहून साठ फुटांची तयारी करते आहेस. इथे बहुतेक वेळा पंचवीस-तीस फूट पुरतात, पण तिथवर पोचणं अवघड असतं. माशाला बाहेरचं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. तो फूटभर खोल असेल तर ही खिडकी जेमतेम सव्वादोन फूट व्यासाची असते, मात्र तिच्या कडेशी काठावरचं पुष्कळ काही दाटीवाटीने मावतं. पाण्याच्या पातळीपासून दहा अंशांच्या खाली जे आहे ते त्याला जवळपास दिसत नाही. म्हणून गुडघ्यांचे पॅड. माशाच्या मागच्या बाजूने, म्हणजे प्रवाहाच्या खालच्या अंगाने ये, वाकून ये, शेवटचे काही फूट रांग. आणि पाय आपटू नकोस. काठची जमीन भुसभुशीत असते, धप्प केलेलं त्याच्यापर्यंत पोचतं.

मग लगेच फेकू नकोस. मासा किती वेळाने वर येतो ते बघ, त्याच्यावरून वाहत जाणारं एक वाळकं पान बघ. पान सरळ जात नाही. वनस्पतींच्या प्रत्येक झुपक्याशी पाण्याचा वेग बदलतो, हातभर रुंदीत तीन वेगळे प्रवाह असतात, आणि तुझी लाइन त्या तिन्हींवर आडवी पडणार. मग फ्लाय पानासारखी वाहत नाही, किंचित ओढली जाते. तुला ते दिसतही नाही, माशाला दिसतं. याला ड्रॅग म्हणतात. मासा नाकारतो तेव्हा दहातले नऊ जण फ्लाय बदलत बसतात. तू आधी जागा बदल. दोन पावलं डावीकडे सरकल्याने जे साधतं ते नवा डबा घेऊन साधत नाही, हे माझं ठाम मत आहे. लीडरचं, म्हणजे लाइन आणि फ्लायमधल्या बारीक दोऱ्याचं, टोक मऊ आणि लांब ठेव, म्हणजे ते पाण्यावर सैल वळणं घेत पडेल आणि ती वळणं उलगडेपर्यंत फ्लाय मोकळी वाहील.

ही युक्ती ज्याने लीडरच्या मापांसकट बसवून दिली तो जॉर्ज हार्वी तुझ्याच विद्यापीठातला. पेन स्टेटमध्ये १९४७ पासून त्याने फ्लाय फिशिंग हा क्रेडिटचा विषय म्हणून शिकवला, पुढे तो त्याचा शिष्य जो हम्फ्रीज याने चालवला. तो वर्ग मिळाला तर घे. मशीन लर्निंगचा एक पेपर पुढच्या सत्रात गेला तरी तुझी आई मला बोलेल, तुला नाही.

आणि दर शनिवारी कार्लाईल गाठायची गरज नाही. तुझ्या दाराशी स्प्रिंग क्रीक आहे, तोही चुनखडीचाच. कीटकनाशकांचे अंश माशांत सापडले म्हणून १९८२ पासून तिथला मासा घरी नेण्यावर बंदी आली, बाहेरून मासे आणून सोडणंही थांबलं. मग जंगली ब्राउन ट्राउट आपले आपण वाढले, आणि आज तिथे ते खच्चून आहेत. विषाने मासे वाचवले, असं म्हणायची वेळ क्वचितच येते. तेसुद्धा मूळचे इथले नव्हेत, ब्राउन ट्राउटची पहिली अंडी अमेरिकेत १८८३ मध्ये जर्मनीतून आली. इथला अस्सल रहिवासी ब्रुक ट्राउट.

आजीने तुला फोनवर विचारलं म्हणे, सोडूनच द्यायचा तर गरवायचा कशाला? मालवणात जन्म काढलेल्या बाईचा हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नकोस. मासा सोडणं म्हणजे माशावर उपकार, असं इथे काही जण भासवतात. ते मला पटत नाही. माशाला हा खेळ नको असतो, खेळायचं असतं आपल्याला. खाण्यासाठी मारलेल्या माशाचा हिशेब सरळ असतो, आपला तितका सरळ नाही. म्हणून निदान त्रास कमी द्यावा. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट कर. मासा लवकर ओढून घे, दमवत बसू नकोस. हात ओले केल्याशिवाय त्याला धरू नकोस, त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. फोटोसाठी पाण्याबाहेर लटकवू नकोस. दोन मासे मिळाले की दिवस पुरे मान. आजीला मात्र खरं सांग, की करमणूक म्हणून करते. ती रागावणार नाही, फक्त म्हणेल की अमेरिकेत जाऊन पोरं वाया गेली.

फिश अँड बोट कमिशनचं लायसन्स काढ. ट्राउटसाठीचं परमिट वेगळं असतं, ते विसरू नकोस. प्रत्येक ओढ्याच्या टप्प्याटप्प्यावर नियम बदलतात, काठावरची पाटी वाच. मेच्या मधल्या पंधरवड्यात परीक्षा आटोपून इकडे ये. तेव्हा संध्याकाळी सल्फर नावाचे पिवळट किडे पाण्यावर निघतात आणि नवशिक्यालाही मासा दिसतो. येताना ते लाल जॅकेट घरी ठेव.

तुझा,
मामा