गर्भारपण, थायरॉईडची गोळी आणि यकृत

प्रस्तुत टिपणाचा लेखक वैद्यकशास्त्राचा नव्हे, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. तथापि चौकशी खिडकीवर रुग्णांचे आप्त हा प्रश्न वारंवार विचारतात, म्हणून रुग्णालयातील डॉक्टरांकडून समजून घेऊन येथे मांडीत आहे.

थायरॉईडची गोळी एकच नसते. ग्रंथीचे कार्य मंदावलेल्या गर्भवतीस थायरॉक्सिन देतात. या टिपणातील यकृताचा धोका त्या गोळीचा नव्हे, ती मनाने बंद करू नये. प्रश्न आहे तो ग्रंथी अतिक्रियाशील झालेल्या स्त्रियांचा. त्यांना कार्बिमाझोल, मेथिमाझोल अथवा प्रोपिलथायोयुरासिल, म्हणजेच पीटीयू, दिले जाते.

पहिल्या दोन औषधांमुळे गर्भारपणाच्या आरंभी बाळाच्या टाळूची त्वचा, नाकाचा मार्ग इत्यादींत क्वचित व्यंग राहते. त्यामुळे पहिल्या तिमाहीत पीटीयूला प्राधान्य मिळते. परंतु पीटीयूने क्वचित यकृत अकस्मात निकामी होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये याबाबत सावध केले आणि २०१० मध्ये औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीत ठळक इशारा छापावयास लावला. त्या वेळी त्यांच्याकडे गंभीर इजेच्या ३४ नोंदी होत्या. त्यांत १५ मृत्यू व १२ यकृत-प्रत्यारोपणे. औषध १९४७ पासून वापरात असल्याने हा आकडा लहानच. पण नोंदींतील मृत्यूंचे प्रमाण पाहून हिशेबनिसाचाही हात थबकतो. पहिल्या तिमाहीनंतर औषध बदलावे की नाही, हे डॉक्टर रुग्णागणिक ठरवितात.

खरी अडचण घरात उद्भवते. अन्नावरची वासना उडणे, मळमळ, थकवा ही यकृताच्या बिघाडाची लक्षणे. वडीलधारी मंडळी ती डोहाळे समजून सोडून देतात. रक्ततपासणीचा कालचा अहवाल निर्दोष असला तरी निर्धास्त राहता येत नाही, कारण इजा फार वेगाने होऊ शकते. डोळे पिवळे दिसणे, लघवी गडद होणे, अंगास खाज सुटणे, उजव्या बरगडीखाली दुखणे, यांपैकी काहीही आढळल्यास पुढची गोळी घेण्याआधी, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

उलट टोकही पाहिले आहे. एका गृहस्थांनी माहितीपत्रक वाचून पत्नीच्या गोळ्या परस्पर थांबविल्या. तीन आठवड्यांनी ती धडधडत्या छातीने दाखल झाली. उपचाराविना अतिक्रियाशील ग्रंथीमुळे गर्भपात, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, मातेच्या हृदयावर ताण संभवतो.

तपासणीस येताना गोळ्यांची पट्टी सोबत आणावी. ‘थायरॉईडची गोळी चालू आहे’ एवढ्यावरून ती कोणती, हे कळत नाही.