चाळीतली खोली मोठी कशी दिसेल?

प्रश्न : गिरगावात चाळीत आमची १० बाय १२ची खोली आहे. रंगकाम काढलंय. खोली ऐसपैस वाटावी म्हणून कोणता रंग द्यावा?

उत्तर : रंग फिकट घ्या, भिंतींना आणि छताला एकच, मग भिंत कुठे संपते ते डोळ्याला चटकन कळत नाही. चकचकीत रंग मात्र नको, जुन्या भिंतींचे उंचवटे त्यात उठून दिसतात.

पण ताई, रंगाहून मोठं काम जमिनीचं आहे. जितकी फरशी दिसेल तितकी खोली मोठी वाटते. जमिनीला टेकलेलं कपाट काढून पायांवर उभं राहणारं घ्या, जेवणाचं टेबल भिंतीला घडीचं करा. सामानासाठी माळा फक्त दारावर. खोलीभर माळा घातलात तर चाळीच्या छताची उंचीच हरवेल. आरसा खिडकीसमोर लावा.