घराच्या लाकडास लागणारी कीड : ओळख व प्रतिबंध

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मुरूड परिसरात नारळी-पोफळीच्या बागा कोलमडल्या आणि कित्येक घरांची छपरे उडाली. अशा वेळी पडलेल्या आंब्याचे वासे काढून ते ओलेच घरावर चढविण्याचा मोह होतो. परंतु अशा लाकडास कीड लवकर लागते. वादळाचे नुकसान डोळ्यांस दिसते. किडीचे मात्र वासा खचेपर्यंत ध्यानात येत नाही. म्हणून खुणांवरून कीड वेळीच ओळखावी.

वाळवी : ही बहुधा जमिनीतून येते. तिला ओल व अंधार लागतो. म्हणून ती जोत्यावरून व भिंतीच्या सांध्यांतून मातीच्या नळ्या बांधीत चढते. लाकडाचा वरचा पापुद्रा शाबूत राहतो, पण ठोकल्यास पोकळ आवाज येतो. नळीचा थोडा भाग मोडून दोन-तीन दिवसांनी पाहावा. तो पुन्हा बांधलेला दिसल्यास वाळवी आत आहे असे समजावे. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाली वाळवी जमते. तिचे चारही पंख सारख्या लांबीचे व कंबर जाड असते; पंखवाल्या मुंगीचे पुढील पंख मोठे व कंबर बारीक असते.

लाकूड पोखरणारे भुंगेरे : लाकडावर बारीक गोल छिद्रे व खाली पिठासारखा भुसा, ही यांची खूण. खरी नासाडी आतील अळी करते. छिद्र पडते ते भुंगेरा बाहेर येताना. वाशाखाली कागद अंथरून ठेवावा. नवा भुसा सतत पडत असल्यास कीड चालू आहे. सालीलगतच्या पांढऱ्या लाकडात व बांबूत पिष्ट असल्याने त्यांस ही कीड अधिक लागते.

प्रतिबंधाचे उपाय

१. लाकडी खांब मातीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा करावा.

२. पावसाळ्यासाठी साठविलेला लाकूडफाटा व पेंढा भिंतीस लावून ठेवू नये. दगडांवर उंच रचावा.

३. फुटकी कौले बदलावीत व पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर काढून द्यावे.

४. लाकूड सावलीत, हवा खेळेल असे रचून पुरते वाळवावे. शक्यतो गाभ्याचे लाकूड वापरावे. बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवल्यास त्यातील पिष्ट कमी होते.

५. घरातील बांबूकामासाठी १०० लिटर पाण्यात २ किलो बोरिक ॲसिड व ३ किलो टाकणखार विरघळवून त्यात बांबू भिजवावा. पावसाने हे द्रव्य धुऊन जाते. म्हणून उघड्यावरील कामास ते उपयोगी नाही. द्रावण मुलांपासून व गुरांपासून दूर ठेवावे.

वाळवीसाठी पूर्वी वापरीत असलेल्या आल्ड्रिन, क्लोरडेन व बी.एच.सी. या औषधांवर आता बंदी आहे. कोठे जुना डबा शिल्लक असल्यास तो वापरू नये. वाळवी घरभर पसरली असल्यास नोंदणीकृत औषधच, वेष्टनावरील सूचनेप्रमाणे, जाणकाराकडून वापरून घ्यावे. विहिरीजवळ विशेष काळजी घ्यावी.

ग्रामसेवकांनी मे महिन्यात, पावसापूर्वी, बॅटरी व टोचणी घेऊन घरमालकासह जोते, चौकटी, वासे व आढे तपासावेत. तासाभराच्या या तपासणीने पुढे छपराचा मोठा खर्च वाचू शकतो.