माडीवरचा प्लेअर

अगं, प्लेअरखाली घालायला ते स्प्रिंगचे चार पाय मागवायच्या आधी माझं ऐक. सासऱ्यांचा रेकॉर्ड प्लेअर तू हौसेनं दुरुस्त करून घेतलास, केसरबाईंची रेकॉर्ड लावलीस, आणि पोरगं जिन्यावरून धावत आलं की सुई टुणकन उडते. असले पाय घेऊन मी आधीच पस्तावलेय, म्हणून सांगते.

शुक्रवार पेठेतली तुमची माडी म्हणजे तुळयांवर टाकलेल्या फळ्या. पाऊल पडलं की सगळी जमीन संथपणे झुलते. स्प्रिंगची किंवा रबराचीही स्वतःची एक लय असते. तिच्याहून बरीच जलद थरथर असे पाय अडवतात. पण पावलांची लय त्यांच्या लयीशी जुळली, तर झोपाळ्याला ताल धरून ढकलावं तसा धक्का उलट वाढतो. माझ्या जुन्या घरी अगदी हेच झालं. पाय लावले आणि सुई आधीपेक्षा जास्त उडायला लागली! पैसे गेले ते गेलेच.

तुझ्याकडे दगडी भिंत आहे की! तिला कोण हलवणार? भक्कम ब्रॅकेट मार, वर फळी टाक, फळीवर प्लेअर ठेव. माडीवर लेझीम खेळलात तरी चालेल.

पाय कामाला येतात ते दुसऱ्या दुखण्यावर. प्लेअर आणि स्पीकर एकाच टेबलावर असले की स्पीकरची थरथर सुईत शिरते, ती पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडते, आणि आवाज घुमायला लागतो. तबकडी थांबवून सुई रेकॉर्डवर ठेव, आवाज थोडाच वाढव, आणि टेबलावर बोटानं टकटक कर. स्पीकरमधून धप्प ऐकू आलं तर समज, हेच दुखणं आहे. तरीही आधी स्पीकर दुसरीकडे हलव, पायांचं नंतर बघ. आणि घेशील तेव्हा प्लेअरचं वजन सांगून घे. वजन कमी पडलं तर स्प्रिंग दबतच नाही, जास्त झालं तर पार बसते; दोन्हीकडून ती ठोकळाच.

उद्यमनगरात मशिनखाली रबरी पाय घालतात, तत्त्व तेच. घरचा उपाय हवा असेल तर सायकलची ट्यूब अर्धवट फुगव आणि तिच्यावर कडाप्प्याचा तुकडा ठेव. फक्त वर पाणसळ लावून बघ. प्लेअर कलता नको. अ‍ॅम्प्लिफायरखाली मात्र काही घालू नकोस. त्याला हवा खेळती मिळाली की बास.

केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून थेट अवकाशात गेली. तिथं ना फळ्यांची जमीन, ना जिन्यावरून धावणारं पोरगं! केसरबाई आपल्या कोल्हापूरच्या दरबारगायक अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या, आणि इथंच त्यांच्या रेकॉर्डवरची सुई उडावी?

आता भिंतीला भोकं पाडायची म्हणजे सासूबाईंना विचारावं लागेल. दुपारच्या चहानंतर विचार, तेव्हा त्या जरा खुशीत असतात. हो म्हणाल्या तर फोन कर, रविवारी ड्रिल घेऊन येते.